तो रुसवा नव्हता

मे महिन्याची नऊ तारीख. माझ्या ब्लाऊजला हूक लावायचे राहिले होते आणि दुसऱ्या दिवशी मुलाचं लग्न होतं. नात्यागोत्यातल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज मी वेळेत दिले होते, नणंदेचा तर उसवून पुन्हा शिवून दिला होता, आणि स्वतःचा मात्र दुपारी जेवणं झाल्यावर हातात घेतला. एरवी हूक मी न बघता लावते. त्या दिवशी सुई सारखी बोटात जात होती.

हात कापत होते. लग्नघरात आईचे हात कापले तर लोक म्हणतात, माया आहे. माया असेलही, पण कापत होते ते भीतीने, आणि भीती लग्नाची नव्हती. मुलगी चांगली होती, पोलादपूरला शाळेत शिकवत होती, मुलाने स्वतः पसंत केली होती. माझी तक्रार नव्हती. मला भीती वाटत होती ती जेवणाची.

मला माणसांची भीती वाटते. लिहिताना हे सोपं जातंय. तोंडाने मी ते पन्नाशीपर्यंत कुणाला नीट सांगितलं नव्हतं. एकट्यादुकट्या माणसाची नाही. महाडात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाईचं काम आहे. दिवसभर बायका येतात, मी मापं घेते, गळा किती खोल असावा यावरून त्यांच्याशी वादही घालते. पुरात खालचं सगळं पाण्यात गेलं तेव्हा मशीन उचलून जिना चढणारी मीच होते आणि तेव्हा घाबरायला सवड नव्हती. पण दहा माणसं चांगले कपडे घालून एका जागी जमली, हसायला लागली आणि त्यातली दोन माझ्याकडे वळली की माझं अंग माझं राहत नाही. कानात पिठाच्या गिरणीसारखी घरघर सुरू होते. पाठीला घाम सुटतो. घसा आवळतो, आणि तोंडात घास असेल तर तो तिथेच राहतो. गिळता येत नाही, थुंकता येत नाही. त्या क्षणी मला खात्री असते की आता आपण सगळ्यांच्या देखत मरणार. अजून मेले नाही, पण दर वेळी ती खात्री नव्याने होते.

यावर मी माझे मार्ग काढले होते. माहेरी तुडीलला कुणाकडेही कार्य असलं की मी वाढायला उभी राहायची. वाढणाऱ्या मुलीच्या तोंडाकडे कुणी बघत नाही, तिच्या हातातल्या भांड्याकडे बघतात. शेवटच्या पंगतीला बसायची वेळ आली की 'भूक नाही, उन्हाचं पित्त झालंय' म्हणायचं आणि घरी येऊन भाकरी खायची. सगळ्या नात्यात मी कामसू म्हणून प्रसिद्ध झाले. माझं लग्न जमलं तेही त्यावरच. सासूबाईंनी मला कुणाच्या तरी बारशात वाढताना पाहिलं होतं.

मग हॉल आले, केटरर आले, बुफे आले आणि माझं काम गेलं. मी नवे मार्ग काढले. गेल्या गेल्या कुणाचं तरी तान्हं मूल मागून घ्यायचं. कडेवर मूल असलं की लोक मुलाशी बोलतात, आपल्याशी नाही, आणि मूल रडलं की बाहेर जायला मोकळीक. मूल नसेल तर बायकांच्या ब्लाऊजकडे बघायचं. चेहऱ्याकडे बघितलं की घसा धरतो, पण मुंढा कुठे चुकलाय, पाठीला चुणी का पडलीय, हे बघताना बाई बाई राहत नाही, काम होते. अर्धा तास असा काढता येतो. त्यापुढे नाही.

एकदा ताप आला म्हणून गेले होते तेव्हा इथल्या डॉक्टरीणबाईंना धीर करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, हा आजार आहे, याला नाव आहे, औषधं आहेत, नुसतं बोलून बरं करणारीही माणसं असतात, पुण्याला. मी बरं म्हटलं. पुण्याला जायचं, बाहेरच्या बाकावर आणखी माणसांबरोबर नंबर लावून बसायचं, आणि आत गेल्यावर सांगायचं की मला माणसांची भीती वाटते. मी तापाची गोळी घेऊन घरी आले.

तर मुलाच्या लग्नाचंही मी सगळं मनात बसवून ठेवलं होतं. वरमाईला काम नसतं, पण सामानावर लक्ष ठेवायला कुणीतरी लागतंच. ते मी करणार होते. हूक लावून होत आले तेवढ्यात नणंद आली. ही यांची धाकटी बहीण, नाते नावाच्या गावी दिलेली. कार्य असलं की ती दोन दिवस आधी येते आणि तिचा आवाज तिच्याही आधी येतो.

"वहिनी, ऐकलंस का? मुलीच्या मावशीचा फोन होता मुंबईहून. म्हणजे आता गावाला आलीय ती. उद्या तुझी विहिणीची पंगत आहे."

"कशाला? आता कोण करतं ते?"

"ती करतेय. तिच्या दिराकडे केली होती म्हणे, व्हिडिओ सगळीकडे फिरला. पाट, रांगोळी, चांदीचं ताट. वाडीतल्या म्हाताऱ्या गाणी म्हणणार. तू बसायचं आणि जेवायचं."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या बघणार. चिडवणार तुला."

"ताई, माझ्याऐवजी तुम्ही बसा ना."

"मी काय मुलाची आई आहे? माझ्या मुलाच्या वेळी मला नाही कुणी बसवलं. त्या पनवेलच्या व्याह्यांनी जेवणाचं कूपन दिलं हातात. नशीब लागतं वहिनी, आणि तू तोंड कसलं पाडून बसलीस?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिणीच्या पंगतीत मुलाच्या आईला मानाने बसवतात, पंचपक्वान्नं वाढतात आणि मुलीकडच्या बायका तिच्या नावाने गाणी रचून तिची थट्टा करतात. तिनेही थोडं रुसायचं, हे नको ते नको करायचं, मुलीच्या आईने समजूत काढायची, मग तिने हसून घास घ्यायचा. सगळा खेळच. पण खेळ चालू असताना मुलीची आई डोळ्यांत तेल घालून बघत असते की विहीण नुसतीच रुसल्यासारखं करतेय की खरंच रुसलीय. कारण संध्याकाळी मुलगी त्या बाईच्या घरी जायची असते. आमच्याकडे अशा रुसव्यावरून वर्षानुवर्षं तुटलेली घरं मी पाहिली आहेत. वड्याला तेल जास्त झालं एवढ्यावरून सुनेला पहिल्या सणाला माहेरी न धाडलेली बाई आमच्याच गल्लीत आहे.

संध्याकाळी मी यांना गाठलं. म्हटलं, तुम्ही फोन करा आणि ते रद्द करायला सांगा.

"काय सांगू?"

"काहीही. मला बरं नाही म्हणून सांगा."

"अगं, जेवायचंच आहे ना? डोंगर फोडायला नाही सांगितलाय." हे चारचौघांत रमणारे. भाजी आणायला गेले तरी तासाने येतात, कारण वाटेत ओळखीचे भेटतात. मला काय होतं ते त्यांनी कधी पाहिलंच नाही. ते होण्याआधी मी तिथून निघालेली असते. "आणि आपण नाही म्हटलं तर त्यांना काय वाटेल? मुलाकडचे ताठ आहेत असंच ना?"

हे बरोबर होतं. म्हणून मी गप्प बसले, खोलीचं दार लावलं, कपाटाच्या आरशासमोर चपाती घेऊन बसले आणि स्वतःकडे बघत खायचा सराव केला. आरशातली बाई सगळी चपाती खाऊन मोकळी झाली. पण ती एकटी होती.

दुसऱ्या दिवशी महाडहून निघून पोलादपूर कधी गेलं मला कळलं नाही. पोलादपूर सोडून गाड्या डोंगराकडे वळल्या आणि मी वळणावळणाला पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. मुलीची वाडी वर घाटाच्या कुशीत. एरवी तिथली निम्मी घरं कुलपात असतात. मे महिना म्हणून सगळी मुंबई गावाला आलेली. घरापुढच्या खळ्यात मांडव घातला होता, त्याला लागून पत्र्याची शेड, आणि जिकडे बघावं तिकडे बायका. मी लगेच ब्लाऊजकडे बघायला लागले. त्यातले कितीतरी मीच शिवलेले होते, आणि ते घातलेल्या बायका माझ्याकडे बघून हसत होत्या. तो मार्ग तिथेच बंद झाला.

सकाळ बरी गेली. आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना मुलाच्या आईने समोर थांबायचं नसतं, मागच्या दारी तुळशीला पाणी घालत बसायचं असतं. मी तुळशीपाशी बसले. मागे पेंढ्याची उडवी, समोर डोंगर, माणूस एकही नाही. मांडवात माझ्या मुलाचं लग्न लागत होतं आणि मला आठवड्यात पहिल्यांदा मोकळा श्वास येत होता. लग्नातला तेवढाच भाग माझ्या मनासारखा झाला. ताशा वाजला, अक्षता पडल्या. मला कुणी हाक मारायला येईपर्यंत मी तुळशीला जरा जास्तच पाणी घातलं.

मग पंगत. पत्र्याच्या शेडमध्ये मधोमध पाट, भोवती रांगोळी, समोर चौरंगावर ताट. मला बसवलं, शेजारी नणंदेला पाट दिला आणि भोवती बायका दाटीवाटीने उभ्या राहिल्या. मावशी माईक घेऊन आल्या. तरतरीत बाई, ठसठशीत नथ, भराभर बोलणारी. "चला, चला, जवळ या, व्हिडिओमध्ये सगळ्या आल्या पायजेत. विहीणबाई, जरा वर बघा ना, स्माईल."

मी वर बघितलं. किती मोबाईल माझ्यावर रोखलेले होते मला सांगता येणार नाही. पुन्हा खाली बघितलं. ताटात वडे, वालाचं बिरडं, आमरस, पुरणपोळी, भाताची मूद. चांगला स्वयंपाक होता. मुलीच्या आईने, माझ्या विहिणीने, वडे स्वतः तळले होते. तिच्या मनगटावर तेलाचा ताजा डाग होता. ती माझ्यासमोर गुडघा मोडून बसली आणि पोळीवर तूप वाढायला लागली. वाटी थरथरत होती. मला वाटलं माझ्या डोळ्यांपुढेच सगळं थरथरतंय.

एका म्हातारीने सूर लावला. आवाज खणखणीत होता, आणि कडवं तिने माझ्याकडे बघत जागच्या जागी जुळवलं होतं.

"इहीणबाई आल्या गो मोटारीत बसून,
ताट केलं पंचपक्वान्न, बघतात कशा खालून."

बायका हसल्या. दुसरीने पुढे ओढलं, मानेत पट्टा बसवलाय का विचारा. पुन्हा हशा. चांगली थट्टा होती, आज मला हसू येतं. तेव्हा कानात घरघर सुरू झाली होती आणि शब्द लांबून आल्यासारखे येत होते.

"वहिनी, घे आता घास," नणंद कानाशी म्हणाली. "भाव खाऊन झाला."

मी वडा तोडला, बिरड्यात बुडवला, तोंडात घातला. सगळ्या गप्प झाल्या. विहीण माझ्या तोंडाकडे बघत होती. मला माहीत होतं ती काय बघतेय, आवडलं की नाही ते. मी चावलं. पुन्हा चावलं. घसा बंद झाला होता. घास तोंडात वाढत गेला. श्वास नाकाने येईना. मोबाईल अजून जवळ आले. कुणीतरी म्हणालं, "बोला ना कसा झालाय." मी पदर तोंडाशी धरला, उठले, ताटावरून पाय उचलून बाहेर पडले आणि मागच्या दाराने न्हाणीपाशी जाऊन घास थुंकला.

आतून नणंदेचा आवाज आला, मोठ्याने, खुशीत.

"रुसल्या आमच्या वहिनी. वडा नाही पसंत पडला. आता काढा समजूत."

हशा पिकला. तिला वाटलं मी खेळ रंगवतेय. सगळ्यांनाच वाटलं. घोळका गात गात न्हाणीपाशी आला, रुसवा सोडायला. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते, हात दगडावर टेकलेले, पाठ त्यांच्याकडे. वळता येत नव्हतं, कारण वळले तर त्यांना माझं तोंड दिसलं असतं. बोलता येत नव्हतं, कारण आवाजच नव्हता. रुसलेल्या वरमाईने करायचं ते सगळं मी बिनचूक करत होते.

एक गाणं झालं. दुसरं झालं. रुसलेली विहीण इथवर आलं की वळून हसते. मी वळले नाही. तिसरं गाणं कुणी सुरू केलं नाही.

"काय कमी पडलं?" मावशींचा आवाज. माईक त्यांनी आत ठेवला होता. "सांगा ना, साडी नाय आवडली काय? आम्ही प्युअर घेतलीय, बिल दाखवते."

"राहू दे गो," कुणीतरी म्हणालं.

"राहू दे काय? एवढी म्हातारी माणसं बघतात. अशी पाठ काय दाखवायची?"

मग पुरुषांच्या चपलांचा आवाज आला. मुलीचे वडील आले होते. ते मांडवात जेवणाऱ्यांना आग्रह करत होते. हातातलं जिलब्यांचं ताट तसंच घेऊन आले. "आमचं काय चुकलं आसल तर पदरात घ्या," ते म्हणाले. एवढा मोठा माणूस, माझ्या पाठीशी बोलत होता. मला वाटलं, इथेच जमीन फाटली तर बरं. आणि तेवढ्यात न्हाणीच्या वरच्या खिडकीत मला नवी सून दिसली. कुणीतरी तिला सांगितलं असणार. मुंडावळ्या कपाळावरून बाजूला करून ती खाली माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखलं. तीच भीती, फक्त ती एका माणसाची होती आणि ते माणूस मी होते.

विहिणीने सगळ्यांना घालवलं. कसं ते माहीत नाही. "जावा गो, पंगती खोळंबल्यात" एवढं ऐकू आलं. मग तिने मला दंडाला धरून शेजारच्या कोठीच्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं. आत तांदळाची पोती, नारळ, काळोख. मी पोत्यावर बसले. ती उभीच.

"वडे कडक झाले," ती म्हणाली. "मी बोललेवते भावजयला, पीठ जास्त आंबलं नाय. तेच ना?"

मी मान हलवली. नाही.

"मंग मानपानाचं? तुमच्या नणदेला हलकी साडी गेली?"

"नाही हो."

"मंग काय ते बोला. आता बोला. मला रागवा, माझ्या लेकीला काय बोलू नका. ती गरीब हाय." ती बोलता बोलता खाली बसली आणि माझ्या पायाला हात लावायला लागली. मी तिचे हात धरले. दोघींचेही गार होते.

"मला भीती वाटते," मी म्हटलं.

"कशाची? आमची?"

"माणसांची. एवढी माणसं बघायला लागली की मला गिळता येत नाही. घास अडकतो. लहानपणापासून."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमच्याकडं तर रोज बाया येतात. आमच्या वाडीतल्या येतात."

"एकेक येते."

"आनि तुमच्या मालकांना म्हाईत हाय?"

"नाही."

"पोराला?"

"नाही."

बाहेर कुणीतरी माईकवर आईस्क्रीम आलंय म्हणून सांगत होतं. मग ती एकदम नाकातून हसली. "म्हंजे मी इथं चार राती झोपले नाय, तुमी काय बोलाल म्हनून. आनि तुमी तिथं."

"मी आरशासमोर बसून चपाती खाल्ली."

"कशाला?"

"सराव."

आता ती खरंच हसली, पदर तोंडात धरून, कारण बाहेर कान असणार. मला हसू येत नव्हतं, पण घसा थोडा सुटला होता. श्वास येत होता.

"हे कुनाला सांगायचं नाय?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. तिथेच चुकलं, पण तेव्हा मला फक्त त्या बायकांमधून गाडीपर्यंत जायचं होतं.

"बरं. पित्त चढलं तुमचं. उन्हातनं आल्यात, रिकाम्या पोटी, पित्त चढलं. मी सांगते." ती उठली, निऱ्या झटकल्या, दार उघडलं आणि बाहेर जाऊन सांगितलं. नंतर माझ्यासाठी कोकम सरबताचा पेला आला. तो मी दाराआड प्यायले.

पित्तावर कुणाचा विश्वास बसला नाही. मावशी निरोपाच्या वेळी माझ्याशी तोंडदेखलं बोलल्या. नणंद हळूच म्हणाली, "बरं केलंस, धाकात राहतील." मी तिला गप्प बसा म्हटलं तर तिला तोही रुसव्याचाच भाग वाटला.

गाडीत पुढे मुलगा आणि ड्रायव्हर, मागे नणंद, सून आणि मी. मुलीबरोबर शिदोरी द्यायची पद्धत आहे. वेताची पाटी, वर नवं फडकं बांधलेलं, ती सुनेच्या मांडीवर होती. घाट उतरेपर्यंत ती रडत होती. मग डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता बारीक आवाजात म्हणाली, "आई, माझ्या आईचं काही चुकलं असेल तर."

नणंदेने कान टवकारले. मुलाने आरशातून मागे बघितलं. मला सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि घसा पुन्हा धरला.

"पित्त होतं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "आई पण तेच म्हणाली." आणि मान खाली घालून पाटीच्या फडक्याची गाठ घट्ट करत राहिली, घट्टच होती तरी.

म्हणजे विहिणीने शब्द पाळला होता. पोटच्या मुलीला, सासरी निघताना, रडत असताना, तिने खरं सांगितलं नव्हतं, मी नको म्हटलं होतं म्हणून. आता ते माझ्याशिवाय कुणी सांगणार नव्हतं. आणि मुलीच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. सासूने भर मांडवात आईचा घास थुंकला. अशा घरात पहिली चपाती लाटायची, पहिला चहा करायचा. आयुष्यभर ती माझ्या तोंडाकडे बघत वाढणार. मला माणसांनी बघितलेलं सोसत नाही, आणि मी एक माणूस कायमचं माझ्याकडे बघायला लावत होते.

सकाळी दहाला सत्यनारायण होता. सगळं महाड यायचं होतं. मी लवकर उठले तर सून माझ्याही आधी उठून आंघोळ करून ओट्यापाशी उभी होती, काय कुठे आहे ते विचारायलाही घाबरत. बाकी घर झोपलेलं. मी तिला खाली बसायला सांगितलं. पाटी घेतली, फडकं सोडलं. करंज्या होत्या, लाडू होते आणि खाली केळीच्या पानात कालचे वडे. मी दोन ताटलीत काढले आणि तिच्यासमोर बसले.

"शिळे झालेत आई. राहू दे."

"बघ इकडे," मी म्हटलं. "माझ्याकडे बघ. मी खाताना बघायचं."

तिला काही कळलं नाही, पण तिने बघितलं. मी घास घेतला. पहिला गेला. दुसऱ्याला घसा आवळला. मी हात वर करून तिला थांब म्हटलं, गळ्याकडे बोट दाखवलं आणि थांबले. नाकाने श्वास घेतला. पुन्हा घेतला. ती उठायला लागली, पाणी आणायला, तर मी तिचा हात धरून खाली बसवलं. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. घास गेला.

"हे असं होतं मला," मी म्हटलं. "माणसं बघायला लागली की. काल हेच झालं. तुझ्या आईचे वडे चांगले होते. तुझ्या आईला ठाऊक आहे, मीच तिला सांगू नको म्हटलं."

ती ताटलीकडे बघत म्हणाली, "रोज होतं?"

"घरात नाही. आज होईल. दहा वाजता."

"मला शाळेत शिकवायला लागले त्या पहिल्या दिवशी उलटी झाली होती," ती म्हणाली. "मुलांसमोर नव्हे हो, बाकीच्या शिक्षिकांसमोर."

मी उरलेला वडा खाल्ला. तिच्यासमोर, सगळा, सावकाश. दुसराही खाल्ला, भूक नव्हती तरी. मग तिच्या आईला फोन लावला आणि फोन तिच्या हातात दिला. ती बोलत होती तेव्हा मी केरसुणी घेतली आणि पूजेच्या जागेचा केर काढायला सुरुवात केली.